विश्लेषण : पगारासाठी हिरा गहाण ठेवणारे दोराबजी टाटा आणि ‘एचआर’च्या शिक्षणाचा संबंध काय?

अंधेरी, पवई, विक्रोळी किंवा मुलुंडच्या एखाद्या कंपनीत नोकरीसाठी अर्ज केला की पहिला फोन बहुतेक वेळा ‘एचआर’मधून येतो. माणूस कसा निवडायचा, तो टिकवायचा कसा, दांड्या का वाढतात, एखाद्या विभागातून माणसे सतत का सोडून जातात, याचा अभ्यास करून आलेली ही मंडळी असतात. निदान तशी अपेक्षा असते.

हा अभ्यास पदव्युत्तर पातळीवर शिकवणाऱ्या मुंबई उपनगरांतील तीन संस्था सर्वांना माहीत आहेत. देवनारची टाटा सामाजिक विज्ञान संस्था म्हणजे ‘टिस’, कलिना येथील मुंबई विद्यापीठाचा उपयोजित मानसशास्त्र विभाग आणि पवईची पूर्वीची ‘निटी’ म्हणजे आताची आयआयएम मुंबई. यांत सर्वांत जुनी ‘टिस’. १९३६ मध्ये ती सुरू झाली तेव्हा तिचे नाव वेगळे होते : सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क. ज्यांचे नाव दिले ते दोराबजी तेव्हा हयात नव्हते. चार वर्षांपूर्वीच त्यांचे निधन झाले होते, आणि अशी शाळा काढा असे त्यांनी कुठे लिहूनही ठेवलेले नव्हते. तरीही त्यांच्या पैशातून पहिल्यांदा उभे राहिले ते माणसांचा अभ्यास शिकवणारे विद्यालय. ते कसे, हे समजण्यासाठी त्यांचे आयुष्य पाहावे लागते.

दोराबजी कोण होते?

टाटा समूहाचे संस्थापक जमशेटजी यांचे हे थोरले पुत्र. जन्म २७ ऑगस्ट १८५९, मुंबई. शिक्षण मुंबईत आणि नंतर इंग्लंडमध्ये. १८७७ मध्ये ते केंब्रिजला गेले. तिथे क्रिकेट आणि फुटबॉलमध्ये चमकले, पण दोन वर्षांत परत आले आणि सेंट झेवियर्स महाविद्यालयातून १८८२ मध्ये पदवी घेतली.

यानंतरचा टप्पा अनेकांना ठाऊक नसतो. वडिलांच्या गिरणीत जाण्याआधी दोराबजींनी सुमारे दोन वर्षे ‘बॉम्बे गॅझेट’ या वृत्तपत्रात पत्रकारिता केली. (आमच्या डेस्कवर ही माहिती मोठ्या अभिमानाने सांगितली जाते.) १८८४ मध्ये जमशेटजींनी त्यांना कापसाच्या धंद्यात घेतले. आधी पाँडिचेरीला पाठवले, तिथे गिरणी काढणे परवडेल का ते पाहायला. मग नागपूरला, धंदा शिकायला.

नागपूरच्या गिरणीत काय शिकायला मिळाले?

नागपूरची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. व्हिक्टोरिया राणीला ‘हिंदुस्थानची सम्राज्ञी’ म्हणून घोषित केले तो हा दिवस, म्हणून हे नाव. व्यवस्थापक होते बेझनजी मेहता. ते रेल्वेच्या मालवाहतूक खात्यातून आले होते, कापड गिरणीचा त्यांना अनुभव नव्हता. जमशेटजींनी हा माणूस धंद्याची माहिती पाहून घेतला नाही, कुवत पाहून घेतला.

यंत्रे विलायतेहून आली आणि बसली. अडचण निराळीच होती. कामगार रोज येत नसत. सणवार, लग्नकार्य, शेतीची कामे, कधी खिशात चार पैसे आहेत एवढे कारणही पुरत असे. मुंबईच्या गिरण्यांमध्ये अशा वेळी दंड आणि हकालपट्टी हा सरळ मार्ग होता. नागपुरात वेगळा विचार झाला. हजेरी आणि चांगल्या कामाबद्दल बक्षिसे सुरू झाली. १८८६ मध्ये कामगारांसाठी पेन्शन फंड निघाला आणि १८९५ पासून अपघात झाल्यास भरपाई मिळू लागली. गिरणीत हवा खेळती राहावी, दमटपणा नियंत्रणात राहावा यासाठी यंत्रणा बसवली, आग विझवणारे फवारे लावले.

यात दयाबुद्धी होती तसा रोकडा हिशेबही होता. माणूस उद्या येईल की नाही याची खात्री नसेल तर चात्या कितीही वेगाने फिरणाऱ्या आणा, उत्पादन वाढत नाही. दोराबजी धंदा शिकत होते तो हा काळ आणि ही गिरणी.

१८८६ मध्येच जमशेटजींनी कुर्ल्याची आजारी धरमसी मिल विकत घेतली आणि तिला ‘स्वदेशी’ असे नाव दिले. चुनाभट्टी, कुर्ला भागात राहणाऱ्यांना स्वदेशी मिल हे नाव अजून पत्त्यापुरते तरी माहीत असते. ही गिरणी इतकी जुनाट निघाली की तिने टाटांना जवळपास बुडवायची वेळ आणली. तिला वाचवण्यासाठी जमशेटजींनी एम्प्रेसमधले स्वतःचे काही शेअर विकले. घरातील मत्ता मोडून कारखाना वाचवायचा असतो, हा धडा दोराबजींनी तरुणपणीच पाहिला होता. त्याची गरज त्यांना पुढे लागणार होती.

चांद्याच्या जंगलापासून जमशेदपूरपर्यंत

१८९७ मध्ये दोराबजींचे लग्न मेहेरबाई भाभा यांच्याशी झाले. त्या म्हैसूर संस्थानचे शिक्षणाधिकारी हॉर्मसजी भाभा यांच्या कन्या, म्हणजे अणुशास्त्रज्ञ होमी भाभा यांच्या आत्या. १९०४ मध्ये जमशेटजी जर्मनीत वारले. पोलादाचा कारखाना, जलविद्युत प्रकल्प आणि विज्ञान संस्था ही त्यांची तीन मोठी स्वप्ने तेव्हा कागदावर होती. ती जमिनीवर आणण्याचे काम दोराबजी आणि धाकटे बंधू रतन यांच्यावर आले.

पोलादाचा शोध आधी आपल्याकडेच सुरू झाला होता. चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर जिल्ह्यातील लोहारा येथील लोहखनिजावर जमशेटजींची बरीच वर्षे नजर होती. अमेरिकन भूगर्भतज्ज्ञ वेल्ड आणि चुलतभाऊ शापुरजी सकलातवाला यांना घेऊन दोराबजींनी हा भाग बैलगाडीने पालथा घातला. खनिज चांगले होते, पण पुरेसे नव्हते, आणि वरोऱ्याचा कोळसा भट्टीसाठी योग्य नव्हता. शोध सोडून द्यावा अशा विचाराने दोराबजी नागपूरला आले. तिथल्या वस्तुसंग्रहालयात एका भूगर्भीय नकाशावर त्यांना दुर्ग जिल्ह्यात गडद रंग दिसला. त्यातून धल्ली-राजहराचे डोंगर सापडले. कारखाना अखेर तिथे झाला नाही. मयूरभंजमध्ये आणखी चांगले खनिज मिळाले आणि १९०७ मध्ये साकची या गावाची जागा ठरली.

भांडवल लंडनमध्ये मिळेना, म्हणून दोराबजींनी भारतातच शेअर विक्रीला काढले. तीन आठवड्यांत सुमारे आठ हजार भारतीयांनी पैसे भरले. फेब्रुवारी १९१२ मध्ये पहिले पोलाद बाहेर आले. १९१९ मध्ये साकचीचे जमशेदपूर झाले.

अशा ठिकाणी माणसे कुठून आणायची? आसपास संथाळ आदिवासींची वस्ती. भट्टीवर अमेरिकन, जर्मन, इंग्रज कारागीर. बाकीचे मजूर बिहार, बंगाल, पंजाब, मद्रास, मध्य प्रांतातून आलेले. एकाची भाषा दुसऱ्याला कळत नाही, आणि चूक झाली तर समोर वितळलेले लोखंड. कामगार-वस्ती कशी असावी हे जमशेटजींनी मृत्यूपूर्वीच मुलाला पत्राने कळवले होते : रुंद रस्ते, सावली देणारी झाडे, खेळाची मैदाने, सर्व धर्मांच्या प्रार्थनास्थळांना जागा. दोराबजींनी त्यात कामाच्या अटींची भर घातली.

१९१२ मध्ये कारखान्यात आठ तासांची पाळी सुरू झाली. कायद्यात आठवड्याला ४८ तासांची मर्यादा येईपर्यंत १९४६ साल उजाडले. त्या वेळी केंद्रात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. १९१५ पासून मोफत औषधोपचार. १९१७ मध्ये कामगार कल्याणाचे स्वतंत्र खाते, आणि त्याची आखणी करताना सिडनी व बिअॅट्रिस वेब या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ दाम्पत्याचा सल्ला. १९२० मध्ये पगारी रजा, भविष्य निर्वाह निधी आणि अपघात भरपाई. भरपाईचा कायदा देशात १९२३ मध्ये आला, ‘पीएफ’चा १९५२ मध्ये.

धाकट्या भावाने, सर रतन टाटांनी, याच सुमारास लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला गरिबीच्या अभ्यासासाठी देणगी दिली होती. म्हणजे माणसांच्या प्रश्नांचा पद्धतशीर अभ्यास होऊ शकतो, तो शिकवता येतो आणि त्याला पैसा लागतो, ही कल्पना या घरात १९१२ पासून होती.

एवढे करूनही संप का झाले?

दोराबजींची बहुतेक चरित्रे या प्रश्नाला वळसा घालून जातात. पण तो टाळला तर पुढची गोष्ट कळत नाही.

पहिल्या महायुद्धात महागाई प्रचंड वाढली, पगार त्या मानाने वाढले नाहीत. फेब्रुवारी १९२० मध्ये जमशेदपूरच्या कामगारांनी संप केला. मार्चमध्ये गोळीबार झाला, कामगार मारले गेले. त्याच संपातून जमशेदपूर लेबर असोसिएशन उभी राहिली. १९२२ मध्ये पुन्हा संप झाला. १९२५ मध्ये महात्मा गांधी जमशेदपूरला आले तेव्हा संघटनेला मान्यता देण्याचाच प्रश्न होता. १९२८ चा संप काही महिने चालला आणि तो मिटवण्यासाठी सुभाषचंद्र बोस यांना मध्यस्थी करावी लागली.

आठ तास, दवाखाना, शाळा, फंड सगळे होते. कामगाराचे म्हणणे ऐकण्याची रीत मात्र नव्हती. काय हवे ते वरून ठरत होते. फोरमनने केलेला अपमान, बढतीतला पक्षपात, एकाच कामाला गोऱ्या आणि काळ्या माणसाला मिळणारा वेगवेगळा पगार, यांपैकी कशावरही दवाखान्यात औषध मिळत नाही.

मुळशीत तर माणसे हिशेबातच नव्हती. लोणावळा-खोपोलीच्या जलविद्युत प्रकल्पातून १९१५ मध्ये मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली होती. पुढचे मोठे धरण पुणे जिल्ह्यातील मुळशीला ठरले. पन्नासेक गावांची भातखाचरे पाण्याखाली जाणार होती. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. सेनापती बापट, विनायकराव भुस्कुटे आदींनी नेतृत्व केले, शेकडो लोक तुरुंगात गेले. १९२४ पर्यंत लढा चालला. धरण झालेच. मुळशीच्या पाण्यावरचे भिरा वीजकेंद्र १९२७ मध्ये सुरू झाले. जमशेदपूरला झाडांच्या सावलीची काळजी करणाऱ्या कंपनीने मावळातील शेतकऱ्याच्या जमिनीला मोबदल्याच्या आकड्यापलीकडे किंमत दिली नाही. दोराबजींचे मोठेपण सांगताना मुळशी वगळणे मला बरोबर वाटत नाही. मुंबईच्या विजेच्या बिलामागे ती गावेही आहेत.

१९२४ मध्ये हिरा का गहाण पडला?

युद्धात पोलादाला मागणी होती म्हणून कंपनीने कारखान्याचा मोठा विस्तार हाती घेतला. युद्ध संपले, जगभर पोलादाचे भाव कोसळले, परदेशी पोलाद स्वस्तात येऊ लागले. १९२३ मध्ये जपानमध्ये भूकंप झाला आणि कच्च्या लोखंडाचे मोठे गिऱ्हाईक गेले. १९२४ मध्ये एक दिवस जमशेदपूरहून तार आली : पगार द्यायला पैसे नाहीत.

दोराबजींनी स्वतःची सगळी वैयक्तिक मत्ता इम्पीरियल बँकेकडे तारण ठेवली आणि एक कोटी रुपयांचे कर्ज उभे केले. या तारणात मेहेरबाईंचे दागिने होते आणि त्यात जुबिली हिराही होता. २४५ कॅरेटचा हा हिरा वजनाने कोहिनूरच्या दुपटीहून जास्त. दोराबजींनी तो १९०० च्या सुमारास पत्नीसाठी घेतला होता. मेहेरबाईंनी दागिने देण्यास खळखळ केली नाही. त्याच वर्षी सरकारने देशी पोलादाला संरक्षण देणारा कायदा केला आणि कंपनी हळूहळू सावरली. भागधारकांना मात्र लाभांशासाठी अनेक वर्षे थांबावे लागले.

मेहेरबाई केवळ दागिन्यांपुरत्या या गोष्टीत येतात असे समजू नये. त्या साडी नेसून टेनिस खेळत आणि स्पर्धा जिंकत. १९२४ च्याच पॅरिस ऑलिम्पिकमध्ये मिश्र दुहेरीत त्यांचे नाव होते. बालविवाहाविरोधी सारडा कायद्याच्या बाजूने त्यांनी जोरदार प्रचार केला.

ऑलिम्पिकचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट सांगायलाच हवी. १९१९ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धांना दोराबजी अध्यक्ष होते. तिथे शेतकऱ्यांची पोरे अनवाणी धावत होती. घड्याळ लावल्यावर त्यातील काहींची वेळ युरोपातील धावपटूंच्या जवळ जाते, हे दोराबजींच्या लक्षात आले. पुढच्या वर्षी बेल्जियममधील अँटवर्प ऑलिम्पिकला सहा जणांचा संघ गेला. बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले, कुमार नवले आणि रणधीर शिंदे कुस्ती लढले. खर्चाचा मोठा भार दोराबजींनी उचलला. बूट नाहीत, प्रशिक्षक नाही, इंग्रजी येत नाही, हे सगळे बाजूला ठेवून फक्त वेळ मोजायची, ही निवडीची पद्धत आजही अनेक कंपन्यांना जमत नाही.

औद्योगिक मानसशास्त्र तेव्हा जगात कुठे होते?

योगायोग असा की जमशेदपूरला पगाराची अडचण होती त्याच १९२४ मध्ये अमेरिकेत शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात एक प्रयोग सुरू झाला. दिव्यांचा उजेड वाढवला तर काम वाढते का, हे पाहायचे होते. उजेड वाढवला, काम वाढले. कमी केला तरी वाढले. मग विश्रांतीच्या वेळा, कामाचे तास, गटाने काम, असे बदल करून पाहिले. १९३२ पर्यंत हे चालले. आपल्याकडे कोणी लक्ष देत आहे, आपल्याला विचारत आहे, याचा कामावर परिणाम होतो, हा त्यातून काढलेला प्रसिद्ध निष्कर्ष. पुढच्या संशोधकांनी त्या प्रयोगातील बऱ्याच त्रुटी दाखवल्या, पण यंत्राइतकाच माणसांच्या गटाचा अभ्यास आवश्यक आहे हे उद्योगांनी त्यानंतर मान्य केले.

त्याआधी, १९१३ मध्ये, ह्युगो म्युन्स्टरबर्ग या मानसशास्त्रज्ञाचे उद्योगातील कार्यक्षमतेवरचे पुस्तक इंग्रजीत आले होते. भारतात कोलकाता विद्यापीठात १९१६ च्या सुमारास मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग झाला. मुंबईत मात्र लाखो गिरणी कामगार असूनही त्यांच्याबद्दलचे सगळे ज्ञान जॉबरकडे होते. भरती तोच करणार, रजा तोच देणार, उसने पैसेही तोच देणार, आणि या सगळ्याची दस्तुरीही तोच घेणार. १९३१ मध्ये अहवाल देणाऱ्या व्हिटले आयोगाने ही पद्धत मोडून कारखान्यांत प्रशिक्षित लेबर ऑफिसर नेमा असे सुचवले. पण असे अधिकारी तयार करणारे विद्यालय देशात नव्हते.

इंजिनीअरिंगच्या चार वर्षांत बेअरिंग का झिजते हे मला तीन वेगवेगळ्या विषयांत शिकवले गेले. रात्रपाळीचा माणूस पहाटे चार वाजता चुका का करतो, हे एकाही विषयात नव्हते. त्यामुळे १९३१ चा हा प्रश्न मला फार जुना वाटत नाही.

मृत्युपत्रात नव्हते ते विद्यालय कसे झाले?

जून १९३१ मध्ये मेहेरबाई रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. मूलबाळ नव्हते. दोराबजींनी मार्च १९३२ मध्ये जवळपास सगळी संपत्ती एका विश्वस्त निधीला देऊन टाकली. कंपन्यांतील हिस्सा, जमीनजुमला, आणि बँकेकडून सुटून आलेले दागिने, त्या हिऱ्यासह. शिक्षण, संशोधन, संकटग्रस्तांना मदत, आणि त्यात जात, धर्म, देश असा भेद नको, एवढ्या व्यापक शब्दांत उद्देश लिहिले. रक्ताच्या कर्करोगावरील संशोधनासाठी पत्नीच्या नावे वेगळा निधी केला. मग ते युरोपला निघाले. पत्नीची समाधी इंग्लंडमधील ब्रूकवूड येथे होती. ३ जून १९३२ रोजी जर्मनीतील बाड किसिंगेन येथे त्यांचे निधन झाले. त्यांनाही ब्रूकवूडलाच विसावा मिळाला.

विश्वस्तांपुढे आता मोठी रक्कम आणि फार व्यापक उद्देश होता. वाटायला घेतली तर फुटकळ देणग्यांत संपून जाण्याची भीती. इथे क्लिफर्ड मॅन्शार्ट यांचा प्रवेश होतो. शिकागो विद्यापीठातून डॉक्टरेट घेतलेले हे अमेरिकन गृहस्थ १९२५ मध्ये अमेरिकन मराठी मिशनतर्फे मुंबईत आले होते. १८१३ पासून मुंबईत असलेली ही तीच मिशन. धर्मप्रसारापेक्षा त्यांचे लक्ष वस्तीवर होते. नागपाड्याच्या दाट कामगार वस्तीत त्यांनी ‘नेबरहूड हाऊस’ हे केंद्र चालवले होते, जिथे वाचनालय, खेळ, दवाखाना, व्याख्याने असे सगळे होते. कल्याणकारी कामात चांगल्या मनाची माणसे पुष्कळ येतात पण शिकलेली कमी, हे त्यांना रोज दिसत होते. त्यांनी विश्वस्तांना सुचवले की देणग्या वाटण्याऐवजी असे काम शास्त्र म्हणून शिकवणारे पदव्युत्तर विद्यालय काढा.

१९३६ मध्ये नागपाड्याच्याच इमारतीत ते सुरू झाले. पहिल्या तुकडीत २० विद्यार्थी. मॅन्शार्ट संचालक. अभ्यासक्रम दोन वर्षांचा, वर्गाबरोबर प्रत्यक्ष वस्तीत आणि संस्थांत काम करणे सक्तीचे. मानसशास्त्र आणि कामगारांचे प्रश्न हे दोन्ही त्यात होते. पुढच्याच वर्षी विद्यालयाने मुलांसाठी मानसिक मार्गदर्शनाचे केंद्र काढले, असे देशातील पहिले. १९४१ मध्ये मॅन्शार्ट अमेरिकेला परतले आणि डॉ. जे. एम. कुमारप्पा संचालक झाले. १९४४ मध्ये नाव बदलून टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस झाले. दोराबजींचे नाव पाटीवरून गेले.

उपनगरांपर्यंत हे शिक्षण कसे आले?

नागपाड्याची जागा अपुरी पडू लागल्यावर संस्था काही वर्षे अंधेरीत होती. आज जिथे कॉर्पोरेट कार्यालयांच्या काचेच्या इमारती आहेत त्या उपनगरात तेव्हा लेबर ऑफिसर होऊ पाहणारे विद्यार्थी राहत आणि शिकत होते. १९५४ मध्ये संस्था देवनारच्या सध्याच्या आवारात गेली. १९६४ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

मधल्या काळात या पदवीला कायद्याने नोकरी मिळवून दिली होती. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याच्या ४९ व्या कलमाने ५०० किंवा अधिक कामगार असलेल्या प्रत्येक कारखान्यात वेल्फेअर ऑफिसर नेमणे बंधनकारक केले. कुर्ला, घाटकोपर, भांडुप, मुलुंडच्या लाल बहादूर शास्त्री मार्गावर तेव्हा मोठे कारखाने उभे राहत होते. भोंगा वाजला की रस्ता माणसांनी भरून जाई. या कारखान्यांना असे अधिकारी हवे होते. लेबर वेल्फेअरचे पुढे पर्सोनेल मॅनेजमेंट झाले आणि त्याचे ह्युमन रिसोर्स.

दरम्यान १९५९ मध्ये मुंबई विद्यापीठात उपयोजित मानसशास्त्र विभाग सुरू झाला. औद्योगिक मानसशास्त्र हा तिथल्या एम.ए.चा एक स्वतंत्र विषय. १९६३ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या मदतीने पवईला ‘निटी’ उघडली, औद्योगिक अभियांत्रिकीसाठी. २०२३ मध्ये ती आयआयएम मुंबई झाली. ढोबळ फरक सांगायचा तर कलिनात माणसाच्या मनाकडून कामाकडे जातात, पवईत कामाच्या रचनेकडून माणसाकडे येतात आणि देवनारमध्ये कामगार, कायदा आणि संघटना यांच्याकडून सुरुवात होते. प्रवेशाचा अर्ज भरण्यापूर्वी हा फरक समजून घेतलेला बरा, कारण तिन्हीकडून बाहेर पडणाऱ्याच्या व्हिजिटिंग कार्डवर शेवटी ‘एचआर’ हेच दोन शब्द असतात.

जुबिली हिऱ्याचे काय झाले?

दोराबजींच्या मृत्यूनंतर विश्वस्तांनी हिरा विकला. १९३७ मध्ये तो कार्तिए या फ्रेंच जवाहिरांमार्फत गेला आणि नंतर परदेशातच राहिला. निधीतून १९४१ मध्ये परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय उभे राहिले. १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू झाली. तिच्यासाठी निधीला पत्र लिहिणारे होमी भाभा हे मेहेरबाईंचे भाचे.

कुर्ल्याची स्वदेशी मिल बंद पडली आहे. लाल बहादूर शास्त्री मार्गावरील बहुतेक कारखान्यांच्या जागी टॉवर आले. ५०० कामगारांची अट २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत २५० वर आणली गेली आहे. ती कारखाना, खाण आणि मळ्यासाठी आहे. अंधेरी स्टेशनबाहेर दुचाकीवर बसून पुढच्या ऑर्डरची वाट पाहणारा डिलिव्हरीवाला यांपैकी कशातही मोजला जात नाही. तो एक दिवस आला नाही तर का आला नाही हे विचारायला कोणी लेबर ऑफिसर नाही. अॅपवर त्याचे रेटिंग खाली जाते.